शब्दचर्चा: फोकस, नाभी आणि झोत

खाडीकाठ: 'फोकस'ला मराठी शब्द कोणता? पाठ्यपुस्तकात नाभी आहे, म्हणजे किरण जिथे एकवटतात तो बिंदू. पण जेटीवर 'फोकस मार रे' म्हणतात तेव्हा मोठा दिवाच हवा असतो.

लोलक: हा एक शब्द बिंदू, क्रिया आणि दिवा अशा तिन्ही जागी वापरला जातो. बिंदूला नाभीच म्हणा, केंद्र नको. गोलीय आरशाचं वक्रताकेंद्र (आरसा ज्या गोलाचा तुकडा, त्याचं केंद्र) वेगळं असतं, नाभी आरशापासून त्याच्या निम्म्या अंतरावर. 'केंद्र' म्हटलं की गणितात हमखास दुप्पट-निम्म्याचा घोळ. क्रियेला 'एकवटणे' पुरे. मूळ लॅटिन 'फोकस'चा अर्थ चूल! खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो १६०४ मध्ये भूमितीत आणला. भिंगाखाली कागद पेटतो ती जागा आठवा.

तांडेल: आणि दिवा? अन्वस्त (पॅराबोला आकाराच्या) आरशाच्या नाभीवर बल्ब बसवला की किरण समांतर निघतात. बल्ब आरशाकडे सरकला तर उजेड फाकतो. बाहेर सरकला तर आधी एकवटतो, मग फाकतो. म्हणजे फोकस नावाचा दिवा फोकसच्या उलटं काम करतो. त्याला 'झोत' चपखल.
बत्तीतही (दीपगृहाला किनाऱ्यावर हाच शब्द) झोतच. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलचं कड्याकड्यांचं भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात बसलं. जाड भिंगाचे फक्त वक्र पृष्ठभाग ठेवून मधली काच वगळलेली. भिंग फिरतं त्या बत्तीत दिवा विझत नाही, झोत आपल्यावरून सरकून जातो. तिला 'लुकलुकणारी' म्हणणं चूकच.

खाडीकाठ: रेडिओलहरींनाही झोत चालेल?

लोलक: का नाही? टीव्हीच्या छत्रीचंच (डिश अँटेनाचं) बघा. जुन्या मोठ्या जाळीच्या छत्रीचं नाभीय अंतर = व्यासाचा वर्ग ÷ (१६ × खोली). व्यास १८० सेंमी, खोली ३० सेंमी, तर ६७.५ सेंमी. घरावरच्या डीटीएचच्या छत्रीला हे सूत्र लावू नका. ती मोठ्या अन्वस्ताचा बाजूचा तुकडा असते, म्हणून दांडी खालच्या कडेपासून निघते. ६० सेंमी छत्रीचा झोत जेमतेम ३ अंशांचा. खाऱ्या वाऱ्याने दांडीचा नट गंजून सैल झाला की एलएनबी (दांडीच्या टोकाचा, लहरी पकडणारा भाग) नाभीवरून ढळतो आणि पहिल्या सरीलाच चित्र जातं. मग दोष पावसाला!

तांडेल: बोटीवरच्या व्हीएचएफ (बोटींच्या बोलण्याचा रेडिओ) एरियलच्या 'गेन'ला 'लाभ' म्हणतात, तो शब्द फसवा आहे. ९ डीबीची (डेसिबल, गेनचं माप) एरियलची काठी वॅट वाढवत नाही. वर आणि खाली जाणारी शक्ती दाबून क्षितिजाकडे वळवते. झोत चपटा होतो. लहान होडी डोलली की तो कधी आभाळात, कधी पाण्यात, आणि चॅनल १६ वरचा (संकटात आणि हाक मारायला वापरायचा चॅनल) आवाज तुटतो. होडीला ३ डीबी बरी.

लोलक: मग 'दिशालाभ' म्हणू. फुकटचा लाभ नाही, एवढं तरी कळेल.