नवा टाळू स्वतः हलत नाही

‘शस्त्रक्रियेत हाताची त्वचा घेऊन मऊ टाळू (तोंडाच्या छताचा मागचा, हलणारा भाग) बांधला की बोलणं आपोआप पूर्ववत होतं’ असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. तो तुकडा जिवंत असतो, पण त्यात टाळू उचलणारे स्नायू नसतात. बोलताना आणि गिळताना नाकाकडची वाट बंद करायला घशाच्या बाजूच्या भिंतींनाच आत सरकावं लागतं, म्हणून स्पीच थेरपी हवीच.

माझ्या बाबांचा टाळू असाच बांधला होता. त्यांचे ‘म’, ‘न’ लगेच स्पष्ट आले, कारण त्यांत हवा नाकातूनच जाते. ‘प’, ‘ब’, ‘ट’ मात्र कित्येक महिने फुसके निघायचे. थेरपिस्ट नाकाखाली आरसा धरून ‘पापा’ म्हणायला लावायच्या. आरसा धूसर झाला की हवा निसटतेय. पाणी नाकातून यायचं तेव्हा ते फार खचायचे. सरावानं दोन्ही बरंच सुधारलं.