मदत हवी आहे: बंदी घातलेला बोलीदार नव्या नावाने आला तर?

सार्वजनिक खरेदीच्या नियमांवर टिपण लिहितोय, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या निर्देशानुसार लाचखोरीत दोषी ठरलेल्या बोलीदाराला बाद करावंच लागतं. निकालात मुदत नसेल तर कमाल ५ वर्षं. नुकसान भरून दिलं, तपासाला सहकार्य केलं, कारभार सुधारला की लवकर परतताही येतं. (ही सवलत मला जरा सैलच वाटते.)

पण संचालक तेच, पत्ता तोच, फक्त पाटी नवी असेल तर? जागतिक बँक बंदी उत्तराधिकारी कंपन्यांनाही लावते. निविदा समितीवर काम केलेल्यांनी सांगावं, हा संबंध कोणत्या कागदांवरून सिद्ध करता? भागधारकांची यादी पुरते का? नातेवाइकांच्या नावावर कंपनी असेल तर काय करता?