मदत हवी आहे: भाजणी पुण्याला पाठवायचीय, घोडं जीएसटीवर अडलंय

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं लहानसं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं. साबण-तेल आता लोक मोबाइलवरून मागवतात, तिथे आपला टिकाव लागणं कठीण. पण भाजणी, मेतकूट, गोडा मसाल्याला अजून गिऱ्हाईक आहे, म्हणून तेच ऑनलाइन विकायचं ठरवतेय.

एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा) १४ अंकी नंबर आहे. पाकिटावर वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, पत्ता, तक्रारीसाठी फोन, सगळं छापून घेतलंय. जीएसटी नोंदणी मात्र नाही, उलाढाल तेवढी नाहीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरून माल विकायला पूर्ण नोंदणीऐवजी नुसता जीएसटीचा एनरोलमेंट नंबर चालतो. पण निम्म्या ऑर्डरी पुण्याच्या असणार (नणंदबाईंनी तिथे आधीच गाजावाजा करून ठेवलाय!) आणि राज्याबाहेर माल विकला की नोंदणी आलीच.

कुणी आधी गुजरातपुरतंच सुरू करून मग नोंदणी घेतलीय का? रिटर्न स्वतः भरता की सीएकडून? आणि हो, भाजणीची पाकिटं कुरिअरमध्ये फुटू नयेत म्हणून काय करता? सुरतेला पाठवलेल्या चारांतली दोन फुटली.