न्यू जर्सीचा फवारणी परवाना आहे, शेजारच्या दोन राज्यांत काम घ्यायचे आहे : सल्ला हवा

मिलिंद_एडिसन :

नमस्कार. न्यू जर्सीत लॉन आणि शोभेच्या झाडांवर फवारणी करण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. राज्याच्या पर्यावरण खात्याचा कमर्शियल अ‍ॅप्लिकेटरचा (म्हणजे मोबदला घेऊन फवारणी करणाऱ्याचा) परवाना माझ्याकडे असून त्यात 3ए (शोभेची झाडे) आणि 3बी (लॉन) असे दोन प्रवर्ग आहेत. गेल्या हंगामात न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर काउंटीतून आणि पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीतून कामाची विचारणा झाली. परवाना नसल्याने मी दोन्हीकडे नकार कळवला. आता हे परवाने रीतसर काढायचे आहेत. परीक्षा, पुस्तके, वर्ग आणि अर्ज मिळून 1500 डॉलर बाजूला ठेवले आहेत. गाडी, पंप आणि विमा यांची सोय झालेली आहे, त्यामुळे त्यांचा विचार या धाग्यात नको.

प्रश्न दोन आहेत. माझा सध्याचा परवाना तिकडे कितपत मानला जातो? आणि दोन्ही परवाने एकाच वर्षी झेपणार नसतील, तर आधी कोणते राज्य घ्यावे?

सॅक्रामेंटोवासी :

तुमच्याकडे सगळे फारच सोपे आहे. कॅलिफोर्नियात दुसऱ्या राज्याचा परवाना मानतच नाहीत, सगळ्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. घराबाहेरच्या झाडांवर फवारायचे असेल तर कीटकनाशक नियमन विभागाचे क्वालिफाइड अ‍ॅप्लिकेटर लायसन्स लागते आणि घराच्या आतल्या झुरळांसाठी किंवा वाळवीसाठी स्ट्रक्चरल पेस्ट कंट्रोल बोर्ड हे वेगळेच मंडळ आहे. त्यातही धुरीसाठी (बंद जागेत विषारी वायू सोडण्यासाठी) पहिली शाखा, सामान्य किडींसाठी दुसरी आणि वाळवीसाठी तिसरी. माझ्याकडे दुसरी आणि तिसरी शाखा आहे, शिवाय बाहेरचे लायसन्सही आहे. त्या लायसन्ससाठी दर दोन वर्षांनी 20 तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यातले चार तास कायद्याचे असतात. एवढे करूनही ज्या काउंटीत काम करायचे, तिथल्या कृषी आयुक्तांकडे व्यवसायाची नोंदणी करावीच लागते, आणि काउंट्या आहेत 58. आपण दोन्ही राज्यांच्या परीक्षा एकदमच देऊन टाका, असे माझे मत आहे.

बक्सकर :

मिलिंदजी, मी डॉयलस्टाउनजवळ हेच काम करतो. आपण आधी पेनसिल्व्हेनिया घ्यावे. आमच्याकडे हा विषय कृषी खात्याकडे असतो, पर्यावरण खात्याकडे नाही, त्यामुळे अर्जाची सुरुवातच वेगळ्या दारातून होते. शोभेच्या झाडांसाठी 06 आणि लॉनसाठी 07 हे प्रवर्ग लागतील. नवीन माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की अ‍ॅप्लिकेटरचा परवाना व्यक्तीचा असतो आणि त्याखेरीज पेस्टिसाइड अ‍ॅप्लिकेशन बिझनेसचा परवाना स्वतंत्रपणे काढावा लागतो. दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे घेऊन फवारणी करता येत नाही.

माझ्या आधीच्या मालकांनी याकडे दुर्लक्ष केले होते. माणसांचे परवाने होते, व्यवसायाचा नव्हता. तपासणी झाली तेव्हा ऐन मे महिन्यात सगळी कामे थांबली आणि आम्ही कामगार पगाराविना घरी बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

परस्परमान्यता (एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानणे) काही प्रवर्गांत मिळते, काहींत मिळत नाही. आपल्या प्रवर्गांबद्दल खात्याला लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

हिरवे_अंगण :

मला एक मूलभूत शंका आहे. लॉनवर वापरली जाणारी बहुतेक औषधे दुकानात कोणालाही मिळतात. केंद्रीय कायद्यानुसार परवाना फक्त निर्बंधित वापराच्या, म्हणजे जास्त धोकादायक ठरवलेल्या, औषधांसाठी लागतो, असे मी वाचले आहे. मग मिलिंद यांनी निर्बंधित औषधे वापरलीच नाहीत, तर दुसऱ्या राज्यात परवाना हवाच कशाला? माझ्या घरी मी स्वतः फवारतो, मला कोणी विचारत नाही.

जुनाजाणता :

आपण जे वाचले आहे ते अर्धे बरोबर आहे. फिफ्रा या केंद्रीय कायद्यात 1972 च्या दुरुस्तीने जी प्रमाणपत्राची अट आली, ती निर्बंधित औषधांपुरतीच आहे. परंतु केंद्राने किमान मर्यादा घातली आणि राज्यांना त्यापुढे जाण्याची मुभा ठेवली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्ये त्यापुढे गेली आहेत. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या जागेवर फवारायचे म्हटले की औषध साध्या दुकानातले असले तरी परवाना लागतो. स्वतःच्या अंगणात आपण जे करता, त्याला हा नियम नाही.

हे नियम उगाच आलेले नाहीत. 1990 च्या दशकात ओहायोच्या लोरेन काउंटीत आणि पुढे 1996 साली मिसिसिपीत परवाना नसलेल्या माणसांनी मिथाइल पॅराथिऑन हे कापसावरचे औषध लोकांच्या घरांत झुरळांसाठी फवारले. उघड्यावर ऊन-पावसात लवकर विघटन होणारे हे औषध बंद खोल्यांत दीर्घकाळ टिकून राहिले, शेकडो घरे साफ करावी लागली आणि कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. फवारणाऱ्यांना स्वस्त आणि जोरदार औषध एवढेच ठाऊक होते. त्या घरांत लहान मुले होती, हे आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

हिरवे_अंगण :

परवाना असला म्हणून माणूस शहाणा होतो असे नाही. 2015 साली यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये एका मोठ्या कंपनीच्या लोकांनी सुट्टीच्या निवासात मिथाइल ब्रोमाइड वापरले. घरात त्याचा वापर 1984 पासून बंद होता. वरच्या मजल्यावर उतरलेले चौघांचे कुटुंब गंभीर आजारी पडले. तिथे प्रशिक्षित माणसे होतीच ना?

जुनाजाणता :

होती, आणि म्हणूनच त्यांच्यावर खटला चालून कंपनीला मोठा दंड झाला. परवान्यामुळे जबाबदार माणूस कोण हे कागदावर निश्चित होते. तसा कागदच नसेल, तर त्या कुटुंबाने कोणाकडे बोट दाखवायचे?

टेक्सासची_माती :

आमच्या राज्यात कृषी विभागच सगळे पाहतो. घरांच्या किडींसाठी पूर्वी वेगळे मंडळ होते, तेही 2007 मध्ये याच विभागात विलीन झाले. माझ्याकडे प्रायव्हेट अ‍ॅप्लिकेटरचा परवाना आहे, तो पाच वर्षे चालतो आणि खर्चही फार नाही. मिलिंद यांनी तसाच काढावा. आणि दोन राज्यांत काम करायचे असेल तर पाठीवरचा पंप पुरणार नाही. मी मागच्या वर्षी 200 गॅलनची टाकी, दोन रीळ आणि चांगल्या पंपासह ट्रक घेतला. किंमत जास्त पडली, पण एका दिवसात पूर्वीच्या दुप्पट काम होते. 1500 मध्ये काहीच होत नाही, निदान 20 हजारांची तयारी ठेवा.

बक्सकर :

प्रायव्हेट अ‍ॅप्लिकेटरचा परवाना स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर शेतमाल पिकवणाऱ्यासाठी असतो. त्यावर लोकांच्या लॉनची कामे पैसे घेऊन करता येत नाहीत. ट्रकबद्दल धागाकर्त्यांनी विचारलेलेच नाही.

वेस्टचेस्टरची_वैदेही :

माझे यजमान न्यूयॉर्कमध्ये हा व्यवसाय करतात आणि कागदपत्रांचे सगळे काम माझ्याकडे असते, म्हणून तपशिलाने लिहिते.

पहिली गोष्ट, प्रवर्गांच्या क्रमांकावर जाऊ नका. आपल्या न्यू जर्सीत 3ए म्हणजे फक्त शोभेची झाडे. न्यूयॉर्कमध्ये 3ए मध्ये शोभेची झाडे, सावलीची झाडे आणि लॉन हे सगळे एकत्र येते, आणि 3बी फक्त लॉनसाठी आहे. म्हणजे आपल्या दोन प्रवर्गांचे काम इथे एका 3ए मध्ये होऊ शकते आणि तेवढी एक परीक्षा वाचते. पुढेमागे घरातल्या किडींकडे वळलात तर आणखी सावध राहा, कारण 7बी न्यू जर्सीत वाळवीसाठी आहे आणि न्यूयॉर्कमध्ये धुरीसाठी.

दुसरी गोष्ट, टेक्निशियनसाठी 30 तासांचा मान्यताप्राप्त वर्ग करण्याचा एक मार्ग आहे, पण टेक्निशियन प्रमाणित अ‍ॅप्लिकेटरच्या देखरेखीखालीच काम करू शकतो. आपण एकटे व्यवसाय करणार असाल, तर आपणांस अ‍ॅप्लिकेटरच व्हावे लागेल आणि त्यासाठी अनुभवाचा पुरावा जोडावा लागेल. फवारणीच्या नोंदी आतापासूनच नीट लावून ठेवा.

तिसरी आणि वेस्टचेस्टरसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांना सूचना. या काउंटीने तो कायदा स्वीकारला आहे, त्यामुळे व्यावसायिक लॉन फवारणीच्या आधी किमान 48 तास लागून असलेल्या मालमत्तांना लेखी कळवावे लागते. पावसामुळे तारीख हुकण्याची शक्यता असल्याने आम्ही सूचनेत पर्यायी तारखाही देतो. शिवाय वर्षभरात काय, किती आणि कुठे फवारले याचा अहवाल दर 1 फेब्रुवारीपर्यंत राज्याकडे जातो. यजमान फवारतात त्याच संध्याकाळी मी औषधाचा ईपीए (केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था) नोंदणी क्रमांक, प्रमाण आणि पत्ता वहीत उतरवते. जानेवारीत सगळे एकदम आठवून भरायला बसणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

या सगळ्या व्यापामुळे, आपण आधी पेनसिल्व्हेनिया घ्यावे असेच मीही म्हणेन.

बक्सकर :

व्याप आमच्याकडेही आहे. पेनसिल्व्हेनियात कीटकनाशकांचा त्रास होणाऱ्या व्यक्तींची राज्याने ठेवलेली यादी असते. यादीतल्या व्यक्तीच्या जागेपासून 500 फुटांच्या आत फवारायचे असेल, तर 12 ते 72 तास आधी कळवावे लागते. तरीही पेनसिल्व्हेनियाच आधी.

ऑर्लॅंडोकर :

फ्लोरिडात नुसती परीक्षा देऊन भागत नाही. घरांच्या किडींसाठी सर्टिफाइड ऑपरेटर व्हायचे तर आधी कोणाकडे तरी काही वर्षे नोकरी करावी लागते आणि व्यवसायाच्या प्रत्येक ठिकाणी असा एक ऑपरेटर नेमावा लागतो. मी ती नोकरी उन्हातान्हात केली आहे. त्या मानाने आपल्याला काहीच अडचण नाही. आधी पेनसिल्व्हेनिया घ्यावे, असेच मलाही वाटते.

मिलिंद_एडिसन :

सर्वांचे आभार. वैदेहीताई, 3ए बद्दलची माहिती मला कुठेही इतकी स्पष्ट मिळाली नव्हती. आणखी एक विचारतो. परीक्षा पुस्तकाविना असते का? आणि गणिताचा भाग किती कठीण असतो? न्यू जर्सीची परीक्षा देऊन बरीच वर्षे झाली आहेत.

जुनाजाणता :

2017 च्या केंद्रीय नियमांनंतर प्रमाणपत्राची परीक्षा पर्यवेक्षकासमोर आणि पुस्तक न उघडता द्यावी लागते, ओळखपत्र दाखवावे लागते आणि वयाची किमान अट 18 वर्षे आहे. राष्ट्रीय कोअर मॅन्युअल (सर्व प्रवर्गांना सामाईक असलेले परीक्षेचे पुस्तक) आपल्याकडे जुने असेल तर नवी आवृत्ती घ्या. न्यूयॉर्कच्या प्रवर्गांची पुस्तके कॉर्नेल विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनकडे (विस्तार विभागाकडे) मिळतात. महागड्या वर्गांपेक्षा ही पुस्तके दोनदा वाचणे अधिक उपयोगी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

गणित रोजच्या कामातलेच असते. अंगणात 1000 चौरस फूट मोजून घ्या, टाकीत साधे पाणी भरून नेहमीच्या चालीने फवारा आणि किती पाणी संपले ते पाहा. समजा दोन गॅलन संपले, तर 50 गॅलनची टाकी 25,000 चौरस फुटांना पुरेल. लेबलवर 1000 चौरस फुटांना दीड औंस औषध सांगितले असेल, तर पूर्ण टाकीत साडेसदतीस औंस घालायचे. चाल किंवा नोझल बदलले की हे माप पुन्हा घ्यावे लागते, आणि परीक्षेतले प्रश्न नेमके त्या बदलावरच येतात.

टेक्सासची_माती :

ट्रकवरच्या पंपाला प्रवाहमापक असला की हा हिशेब करावाच लागत नाही.

जुनाजाणता :

प्रवाहमापकालाही अधूनमधून तपासावे लागते, आणि परीक्षेत तो सोबत नेता येत नाही.

मिलिंद_एडिसन :

शांतपणे विचार करून ठरवले आहे. जवळजवळ सर्वांनी आधी पेनसिल्व्हेनिया घ्यायला सांगितले असले, तरी मी न्यूयॉर्कचा परवाना आधी काढणार आहे. वेस्टचेस्टरमधली विचारणा एका गृहसंकुलाकडून आहे आणि तिथे झाडे व लॉन दोन्ही एकाच करारात आहेत, त्यामुळे 3ए हा एकच प्रवर्ग माझ्यासाठी पुरेसा ठरतो. बक्स काउंटीतली घरे एकमेकांपासून लांब आहेत आणि तिथे दोन प्रवर्ग लागतील. अनुभवाच्या नोंदी गोळा करून न्यूयॉर्कच्या पर्यावरण खात्याला उद्याच लेखी विचारणा पाठवतो. येत्या वसंतापर्यंत परवाना हाती आला नाही, तर ते काम पुढच्या हंगामात घेईन, पण परवान्याआधी नदी ओलांडणार नाही.

बक्सकर, आपली हरकत नसेल तर बक्स काउंटीतून विचारणा करणाऱ्या गिऱ्हाइकांना आपला पत्ता देऊ का?

बक्सकर :

अवश्य द्या. निर्णय मला पटलेला नाही, न्यूयॉर्कचे कागद आपणांस दमवतील. पण एक लक्षात ठेवा : न्यूयॉर्कचे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि न्यू जर्सीचे पुनर्प्रमाणन पाच वर्षांनी येते. दोन्हींच्या शिक्षणाचे तास वेगवेगळे मोजले जातात, म्हणून ज्या वर्गाला दोन्ही राज्यांची मान्यता आहे, तोच निवडा.

वेस्टचेस्टरची_वैदेही :

दोन्हींची मान्यता असलेले वर्ग हिवाळ्यात होतात आणि जागा लवकर भरतात. शेजाऱ्यांच्या सूचनेचा आमचा नमुना हवा असेल तर व्यक्तिगत निरोपातून कळवा, पाठवते.