मदत हवी आहे: टपालसेवेच्या खासगीकरणाविरुद्ध सह्यांची मोहीम

टपालखात्याची कंपनी करून वाटप आणि काउंटर वेगळे काढायचं विधेयक येऊ घातलंय. पोस्टासमोर टेबल टाकून सह्या घ्यायच्या आहेत. माणसं मोजकीच, काही टपाल कर्मचारी, बाकी ग्राहक. लोक दोनच गोष्टी बोलतात: "आता पत्रं लिहितं कोण?" आणि "विक्री अजून कुठे आहे?" पत्रकात काय लिहावं? सह्या कोणाकडे द्याव्यात?

प्रतिसाद १

सह्या किती, यापेक्षा त्या कुठल्या मतदारसंघातल्या हे बघा. ब्रिटनमध्ये १९९४ साली रॉयल मेल ही तिथली सरकारी टपालसेवा विकायचा व्यापारमंत्री मायकेल हेझल्टाइन यांचा बेत विरोधकांमुळे नव्हे, तर सत्ताधारी पक्षाच्याच काही खासदारांनी पाठ फिरवल्यामुळे बारगळला. सरकारचं बहुमत तुटपुंजं होतं. म्हणून सत्ताधारी पक्षाचे, थोड्या मतांनी निवडून आलेले, ग्रामीण भागातले प्रतिनिधी आधी हेरा. टेबल तिथेच लावा आणि गठ्ठा मतदारांच्याच हातून द्या.

दर कागदावर पूर्ण मागणी छापा, खाली दहा ओळी: नाव, पत्ता, सही. मागणी फक्त पहिल्या पानावर असली की बाकीच्या सह्या नेमक्या कशावर आहेत, असा आक्षेप येतो. फोन नंबरसाठी वेगळी चिठ्ठी ठेवा. वरच्या ओळीतला नंबर पुढच्याला दिसतो, हे लक्षात आलं की माणूस पेन खाली ठेवतो.

प्रतिसाद २

पत्रांच्या आठवणी काढू नका. उलट विचारा, "तुमच्याकडे शेवटचं टपाल कसलं आलं?" बँकेचं कार्ड, कोर्टाची नोटीस, औषधं, काहीतरी निघतंच. मग सांगा: दाट वस्तीत एका फेरीत शेकडो दारं होतात, दुर्गम भागात मोजकी, तरी दर एकच. शहरातल्या कमाईवर तिकडचा खर्च भागतो. खासगी कंपनीला आधी हवी असते ती शहरातली कमाई.

सरकारी मालकी राहिली की सेवा टिकतेच, असं मात्र पत्रकात लिहू नका. पोस्टनॉर्ड ही टपाल कंपनी डेन्मार्क आणि स्वीडनच्या सरकारांच्या मालकीची आहे, तरी २०२५ च्या अखेरीस तिने डेन्मार्कमधलं पत्रवाटप थांबवलं. त्याआधी तिथल्या कायद्यातून सार्वत्रिक सेवेचं, म्हणजे देशभर सगळ्यांना टपाल पोचवण्याचं, बंधन निघालं होतं. म्हणून मागण्या दोन ठेवा: विक्री नको, आणि आठवड्यातून किती दिवस वाटप, एकसमान दर, काउंटरचं कमाल अंतर हे सगळं कायद्यात लिहा. दुसरी मागणी माझ्या मते जास्त मोलाची. पहिली हरलात तरी ती लढवता येते.

प्रतिसाद ३

कर्मचाऱ्यांनी गणवेशात, ड्यूटीवर किंवा पोस्टाच्या आवारात पत्रकं वाटू नयेत, टपालासोबत तर मुळीच नाही. शिस्तभंगाची कारवाई झाली की मोहिमेचा विषयच बदलतो. टेबलावर ग्राहक बसवा, जाहीर बोलणं संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे द्या. टेबल दारापासून बाजूला लावा, जागेची लेखी परवानगी जवळ ठेवा.

प्रतिसाद १

"विक्री कुठे आहे?" याचं उत्तर तारखांत आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली काउंटर चालवणारी कंपनी रॉयल मेलपासून वेगळी झाली, २०१३ च्या ऑक्टोबरात रॉयल मेलचे शेअर बाजारात आले. जपानमध्ये विभागणी २००७ ची, शेअर बाजार २०१५ चा. आधी विभागणी, मग विक्री. या चार तारखा पत्रकाच्या पहिल्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा, आणि विधेयक समितीकडे असतानाच गठ्ठे द्या. शेवटच्या मतदानापर्यंत थांबलात तर पक्षादेश निघालेला असतो आणि त्या प्रतिनिधीचे हात बांधलेले असतात.