गर्भाशयातील गाठ : पिशवी काढणे हाच उपाय आहे का?

प्रश्न (कोथरूड)
माझे वय 43 आहे. वर्षभरापासून पाळी आठ-नऊ दिवस चालते, गुठळ्या पडतात, आणि पीएमपीच्या बसमध्ये बसण्याआधी मी आसनावर गडद ओढणी अंथरते. हिमोग्लोबिन 8.2 वर आले आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. “मुले झाली आहेत, आता पिशवी काढून टाका,” असे सांगून डॉक्टरांनी थेट पुढच्या आठवड्याची तारीख दिली. दुसरा मार्ग खरोखरच नाही का?

प्रतिसाद 1 (स्त्रीरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ)
ताई, फायब्रॉइड ही स्नायूंची साधी गाठ असते. ती कर्करोगाची निघणे फार विरळ. आकारापेक्षा तिची जागा अधिक महत्त्वाची असते, कारण पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठही रक्तस्रावाने हैराण करते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ कधी कधी वारंवार लघवीला लावण्यापलीकडे त्रास देत नाही. आपली गाठ पोकळीला किती ढकलते आहे, हे अहवालात पाहावे. शिवाय चाळिशीनंतरचा रक्तस्राव केवळ गाठीमुळे आहे असे गृहीत न धरता गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासण्याबद्दल अवश्य विचारावे.

पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या (पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली असल्यास नकोत), गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, केवळ गाठ काढणारी शस्त्रक्रिया, असे पर्याय आहेत. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (प्रतिमा पाहत रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) करतात, त्यामुळे तो पर्याय आपण विचारल्याशिवाय अनेकदा पुढेच येत नाही. गाठ आकसवणारी इंजेक्शने मात्र तात्पुरती असतात आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीनंतर गाठी बहुधा आपोआप आकसतात, हेही हिशेबात धरावे.

प्रतिसाद 2 (हडपसर)
मी दोन वर्षे औषधे घेतली, उपयोग झाला नाही, म्हणून 47व्या वर्षी पिशवी काढून घेतली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु बीजांडकोश ठेवणार का, हे मी लेखी विचारले होते. तेही काढले तर रजोनिवृत्ती एकदम अंगावर येते. लोहाच्या गोळ्या आजच सुरू करा, त्यांच्याबरोबर चहा घेऊ नका, आणि शौचास काळे झाले तर घाबरू नका.

प्रतिसाद 3 (वारजे)
बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या अनेकदा गरज नसताना कशा काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले. तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

प्रश्नकर्ती
तारीख पुढे ढकलली आहे. सोमवारी सगळे अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. अस्तराच्या तपासणीचे आधी विचारेन.