परदेशात मराठी सिनेमा न्यायचा तर पैसा कानच्या बाजारात घालावा की सबटायटल्समध्ये?

जुनी_रीळ
महाराष्ट्र सरकारने २०१६ साली मराठी चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या चित्रपट बाजारात, म्हणजे जिथे चित्रपटांची खरेदी-विक्री होते तिथे, पाठवायला सुरुवात केली. माझा या खर्चाला विरोध आहे. बाजार म्हणजे महोत्सवाची अधिकृत निवड नव्हे, तिथे पैसे भरून खेळ लावता येतो. खेळ होतो, फोटो येतात, 'कानवारी'ची बातमी छापली जाते. पुढे तो चित्रपट परदेशातल्या एखाद्या थिएटरात लागला का, हे कोणी विचारत नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते. गेल्या वर्षी एका मराठी चित्रपटाला डच मैत्रिणीला हौसेनं घेऊन गेले. पडद्यावर आई लेकीला म्हणते, "पोटात तुटतं गं माझ्या." खाली इंग्रजीत उमटलं की तिचं पोट दुखतंय. मैत्रिणीने माझ्याकडे वळून विचारलं, "ती आजारी आहे का?" तिथून पुढे तिच्यासाठी तो सिनेमा संपलाच.

'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स डार्सी पॅकेटने केली. हा समीक्षक अनेक वर्षं सोलमध्ये राहून कोरियन सिनेमावर लिहीत होता. त्या चित्रपटात दोन तऱ्हेच्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेला 'जापागुरी' नावाचा पदार्थ आहे. परक्यांना तो कळणार नाही म्हणून त्याने रामेन आणि उडॉन ही नूडल्सची नावं जोडून 'रामडॉन' हा नवा शब्दच घडवला. आपल्याकडे सबटायटल्स शेवटच्या आठवड्यात, उरल्यासुरल्या पैशांत उरकतात.

गिरगाव_मॅटिनी
पोटात तुटण्याचं वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. वितरकच नसेल तर उत्तम सबटायटल्स वाचणार कोण? आणि वितरक भेटतो तो बाजारातच. 'द लंचबॉक्स' हा हिंदी चित्रपट आठवा. एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा कार्यशाळेतून ती संहिता गेली, फ्रान्स आणि जर्मनीचे निर्माते जोडले गेले, आणि अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्सने तो लावला. ओळखी एका वारीत होत नाहीत, त्यासाठी वर्षानुवर्षं जावं लागतं. फ्रान्सने आपला सिनेमा बाहेर नेण्यासाठी युनिफ्रान्स ही संस्था १९४९ साली काढली! आपण अजून दहा-बारा वर्षंही धीर धरला नाही, आणि तुम्ही बंद करायला निघालात.

जुनी_रीळ
युनिफ्रान्स बारा महिने काम करते, मी तेच मागतेय. आपली मंडळी मे महिन्यात कानला जातात, जूनमध्ये त्यांच्या ईमेलला उत्तर द्यायला कोणी नसतं.

कृष्णाकाठ
तुम्ही दोघंही परदेशात रमलात. मी सांगलीचा. माझ्या गावात मराठी सिनेमा सकाळी नऊला लागतो आणि शुक्रवारचा सोमवारी उतरतो. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम द्यायला सांगितलं, ओरड झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ इतकी सैल केली. कोरियाचं उदाहरण देता, तर तिथे देशी चित्रपटांना वर्षाचे १४६ दिवस पडदा राखून ठेवत, हेही सांगा. २००६मध्ये ते दिवस ७३ केले तेव्हा तिथले कलावंत रस्त्यावर उतरले. आधी घरचा प्रेक्षक, मग कान.

गिरगाव_मॅटिनी
कृष्णाकाठ, घरचा पडदा हवाच. पण 'आधी-मग' म्हणत बसलो तर कितीतरी चित्रपटांचं आयुष्य हातचं जाईल. 'श्वास' २००४ साली ऑस्करला गेला तेव्हा प्रचाराला पैसे नव्हते, सामान्य लोकांनी वर्गणी दिली. मीही दिली होती, कॉलेजात होतो. तेव्हा परदेशी प्रचाराची कायमची व्यवस्था असती तर लोकांपुढे झोळी पसरायची वेळ आली नसती.

शाळेची_घंटा
मला 'किल्ला' या मराठी चित्रपटाबद्दल बोलायचंय. २०१४ साली बर्लिन महोत्सवाच्या मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला. तो देणारे परीक्षक लहान मुलंच होती. त्या विभागात संवाद सभागृहातच जर्मनमध्ये वाचून दाखवतात, म्हणजे सबटायटल्सवर सगळं अडत नाही. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा बर्लिनच्या पोरांना आपला वाटला. मी शिक्षिका आहे. हे चित्रपट तिथल्या शाळांपर्यंत का नेत नाही आपण?

जुनी_रीळ
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मात्र जर्मनमध्ये वाचून दाखवायलासुद्धा कोणीतरी मराठी नीट समजून भाषांतर केलंच असणार ना? त्या माणसाला मानधन द्या, नाव पडद्यावर द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

कृष्णाकाठ
आणि तो 'किल्ला' माझ्या विद्यार्थिदशेत सांगलीत किती दिवस होता? मी गेलो तेव्हा उतरला होता. शेवटी मोबाइलवर पाहिला.

शाळेची_घंटा
मग सांगलीच्या शाळेत दाखवू. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे, निर्मात्यांची परवानगी कशी मिळवायची तेवढं कोणी सांगेल का?